तरंगत्या पवनचक्क्यांची उभारणी: एकच बहुउद्देशीय जहाज किती कामं पेलतं?

दर्यावर्दी

हायविंड टाम्पेन हा तरंगत्या पवनचक्क्यांचा प्रकल्प डोळ्यांसमोर ठेवून हा धागा काढतोय. नॉर्वेच्या किनाऱ्यापासून सुमारे १४० किलोमीटर आत, पाणी २६० ते ३०० मीटर. ११ टर्बाइन्स, प्रत्येकी तीन मुरिंग लाईन (टर्बाइनला नांगराशी बांधणाऱ्या साखळ्या), म्हणजे ३३ लाईन. नांगर मात्र १९च, कारण शेजारशेजारची टर्बाइन्स एकच नांगर वाटून घेतात. पहिली वीज नोव्हेंबर २०२२ मध्ये आली, पण त्या वर्षी सातच टर्बाइन्स लागली. उरलेल्या चारांना २०२३ उजाडलं.

या प्रकल्पातलं समुद्रावरचं काम मोजलं तर असं दिसतं: नांगर बसवणं, साखळ्या पसरणं, टर्बाइन फ्योर्डमधून ओढून नेणं, लाईन जोडणं, केबल ओढणं आणि शेवटी माणसं चढवून वीज सुरू करणं. पूर्वीच्या हिशेबाने अँकर हँडलर (नांगर हाताळणारं जहाज), सबसी जहाज (पाण्याखालच्या कामाचं), केबल जहाज आणि माणसांची ने-आण करणारं जहाज अशी चार वेगळी जहाजं लागतील. बहुउद्देशीय जहाजवाले म्हणतात, विंच, २५० टनी क्रेन, आरओव्ही (पाण्याखालचं दूरनियंत्रित यंत्र), डीपी-२ (थ्रस्टर म्हणजे पंख्यांनी जहाज आपोआप जागेवर धरणारी यंत्रणा) आणि गँगवे (माणसं चढवायचा पूल) एकाच जहाजावर असेल तर यातली बरीच कामं तेच करेल.

खरंच करतं का? कुठे करतं आणि कुठे अडतं? ज्यांनी अशी कामं आखली आहेत त्यांनी आकड्यांसकट लिहावं.

बोलार्ड

करतं, पण एका फेरीत नाही. डेकची जागा एकच असते, आणि प्रत्येक कामाचं सामान वेगळं.

साखळीपासून सुरुवात करतो, कारण वजनाचा खरा बोजा तिथेच आहे. स्टड (कडीच्या मधली आडवी दांडी) नसलेल्या साखळीचं हवेतलं वजन काढायचं सोपं गणित: व्यासाचा मीटरमध्ये वर्ग, गुणिले २०, उत्तर टन प्रति मीटर. तेलाच्या रिगला नेहमी लागणारी ८४ मिमीची साखळी धरली तर मीटरमागे सुमारे १४० किलो. तरंगत्या टर्बाइनला १३२ मिमीची धरा, मीटरमागे जवळपास ३५० किलो. ७०० मीटरची एक लाईन म्हणजे २४५ टन. एका टर्बाइनच्या तीन लाईन ७३५ टन, आणि यात नांगर, शॅकल, जोडकड्या धरलेल्याच नाहीत.

आता विंच बघा. साखळी ओढतं ते विंचवरचं खाचांचं चाक, ज्याला सगळे जिप्सी म्हणतात. कडी त्या खाचेत नेमकी बसली पाहिजे. बाजारातल्या बहुतेक अँकर हँडलरच्या जिप्सी रिगच्या साखळीच्या मापाच्या असतात. १३२ मिमीची साखळी तिथे बसतच नाही. बसवायचा प्रयत्न केला तर कडी खाचेवर चढते आणि ताण आला की घसरते. नवीन जिप्सी ओतून घ्यायला महिने लागतात, बदलायला जहाज धक्क्याला लावावं लागतं. जहाज भाड्याने घेताना लोक बोलार्ड पुल (जहाजाची ओढण्याची ताकद) आणि क्रेन विचारतात, जिप्सीचं माप विचारायला विसरतात. माझ्या मते चार्टरच्या पहिल्या पत्रातच हा प्रश्न असावा. त्याच्या पाठोपाठ शार्क जॉ (डेकवर साखळी पकडून ठेवणारा जबडा) आणि टो पिन (साखळी बाजूला सरकू न देणारे खुंट) यांची मापं. जॉमध्ये १३२ मिमीची कडी धरता आली नाही तर साखळी डेकवर बांधून ठेवायला सुरक्षित जागाच उरत नाही.

प्रश्नचिन्ह

मूळ शंका. किनाऱ्याजवळच्या पवनचक्क्या पाय टेकवणाऱ्या जॅकअप जहाजावरच्या क्रेनने उभ्या करतात. इथे ती क्रेन कुठे गेली?

दर्यावर्दी

बंदरात. जॅकअपचे पाय साधारण ६०-७० मीटर पाण्यापर्यंत उपयोगी पडतात. त्यापुढे तळाला टेकता येत नाही, आणि हलत्या जहाजावरून हलत्या तरंगत्या पायावर शंभर-दीडशे मीटर उंचीवर पातं जोडणं फार नाजूक काम. म्हणून टर्बाइन आडोशाला उभं करून अख्खं ओढून नेतात.

स्कॉटलंडच्या पीटरहेडसमोर २०१७ मध्ये सुरू झालेल्या हायविंड स्कॉटलंडची पाच टर्बाइन्स नॉर्वेतल्या स्टोर्डजवळच्या खोल पाण्यात 'साईपेम ७०००' या प्रचंड तरंगत्या क्रेनने उचलून पायांवर बसवली. टाम्पेनच्या वेळी ते काम गुलेनच्या वेर्गेलँड धक्क्यावर जमिनीवरच्या रिंग क्रेनने केलं. काँक्रीटचा पाया १०७.५ मीटर उंच, त्यातला बहुतेक भाग पाण्याखाली. धक्क्याला लागूनच इतकं खोल पाणी नॉर्वेच्या फ्योर्डसारख्या मोजक्याच ठिकाणी मिळतं. पोर्तुगालच्या विंडफ्लोट अटलांटिकचे पाये तीन खांबांचे सेमी-सबमर्सिबल, बंदरात उथळ पाण्यात तरंगणारे, म्हणून ती टर्बाइन्स स्पेनमधल्या फेरोलच्या धक्क्यावर उभी राहिली आणि तिथून व्हियाना दो काश्तेलोसमोर, १०० मीटर पाण्यात गेली. अबर्डीनजवळच्या किनकार्डीनची मोठी टर्बाइन्स रॉटरडॅममध्ये बसवली आणि तिथून उत्तर समुद्र ओलांडून नेली.

त्यामुळे समुद्रावरच्या जहाजाला टर्बाइन उचलायचंच नसतं. त्याचं सगळं काम तळाशी आणि पाण्याच्या रेषेवर.

गाळमाती

तळाचं मी लिहिते.

सक्शन अँकर म्हणजे खालून उघडा, वरून बंद असा पोलादी डबा. हायविंड स्कॉटलंडचे प्रत्येकी ५ मीटर व्यासाचे, १६ मीटर उंचीचे, सुमारे १११ टनांचे होते. स्वतःच्या वजनाने तो मातीत थोडा रुततो. मग आरओव्ही वरच्या झाकणावर पंप जोडतो आणि आतलं पाणी बाहेर काढतो. आत दाब कमी झाला की बाहेरचं पाणी डब्याला खाली दाबतं. ५ मीटर व्यासाचं झाकण म्हणजे १९.६ चौरस मीटर. दाबातला फरक फक्त १ बार असला तरी सुमारे २०० टनांचं बळ मिळतं, तेही एक साधा पंप चालवून. हातोडा नाही, आवाज नाही. नांगर चुकीच्या जागी गेलाच तर पंप उलटा चालवून पाणी आत सोडायचं, तो वर येतो.

बिघडतं कुठे? पहिलं, पाण्याचा पृष्ठभाग ओलांडताना. झाकणावरची दारं उघडी नसतील तर हवा आत अडकते, डबा तरंगायला बघतो, स्लिंग ढिली पडते आणि पुढच्या लाटेला हिसका बसतो. दारं उघडी असली तरी ५ बाय १६ मीटरच्या डब्यात ३०० घनमीटरच्या वर पाणी मावतं, आणि डबा हलला की तेही त्याच्याबरोबर हलायला बघतं. म्हणून १११ टनांच्या नांगराला १५० टनी क्रेन पुरेल हा हिशेब कागदावरच राहतो. शिवाय क्रेनचा आकडा जवळच्या पल्ल्याचा असतो. बूम बाहेर काढली की क्षमता झपाट्याने उतरते, आणि नांगर तर जहाजाच्या कडेपासून सुरक्षित अंतरावरच सोडायचा असतो.

दुसरं, माती. चिकणमातीत पंप जोरात चालवला की आतला मातीचा गोळा वर उचलला जातो आणि झाकणाला टेकतो. मग नांगर ठरल्या खोलीच्या आधीच अडतो. वाळूत पाणी काठाखालून आत वाट काढतं आणि तिथली माती सैल होते. दोन्ही वेळा उपाय एकच, पंप हळू चालवायचा आणि दाब-खोलीचा आलेख क्षणोक्षणी बघायचा. दाब वाढतोय पण खोली वाढत नाही, तर थांबायचं. मध्ये दगड लागला असेल तर डबा तिरका होऊ लागतो. कल पाच अंशांच्या आसपास गेला की बहुतेक आराखड्यांत काम थांबवायला सांगतात.

टाम्पेनसारख्या सामायिक नांगरात तोंडाची दिशाही महत्त्वाची. साखळी ज्या कानाला अडकते तो कान ठरल्या दिशेला हवा. एका नांगरावर तीन दिशांनी लाईन येणार असतील तर पाच-सात अंशांचा फिरकाही तिन्हींत वाटला जातो. डबा रुतत गेला की तो फिरवता येत नाही, म्हणून जायरोवरची (दिशा दाखवणाऱ्या यंत्रावरची) दिशा तळाला टेकायच्या आधीच पक्की करायची.

हे काम बहुउद्देशीय जहाजाला अगदी साजेसं आहे. क्रेन, दोन आरओव्ही, पंप आणि डेकवर चार ते सहा नांगर, सगळं एकाच जहाजावर. इथे वेगळा अँकर हँडलर आणण्याची गरज मला तरी दिसत नाही.

बोलार्ड

गाळमाती ताईंशी सहमत, पण सगळीकडे सक्शन अँकर नसतात. विंडफ्लोट अटलांटिकला ओढून रुतवायचे नांगर, म्हणजे ड्रॅग अँकर वापरले. तिथे चित्र बदलतं.

ड्रॅग अँकर स्वतः १५-२० टनांचा, स्टर्न रोलरवरून (जहाजाच्या मागच्या कडेच्या रुळावरून) सहज जातो. पण तो तळाला नुसता ठेवून चालत नाही. तो ताण देऊन गाडायचा आणि मग चाचणीचा ताण देऊन तो किमान १५ मिनिटं धरून दाखवायचा. हा ताण ३०० टनांच्या घरात असेल तर २०० टन बोलार्ड पुलचं जहाज कितीही हुशार असलं तरी अपुरं. 'आयलंड व्हिक्टरी'सारखी ४७७ टन ओढणारी जहाजं जगात मोजकी. त्यामुळे दोन रस्ते उरतात. एक, दोन जहाजं एकामागे एक लावायची. दुसरा, समोरासमोरचे दोन नांगर मधल्या टेन्शनर यंत्राने एकमेकांविरुद्ध ओढायचे. जहाज वरून उभं ओढतं, टेन्शनर साखळीवर घट्ट होत जातो आणि तळावर आडवा ताण उभ्या ओढीच्या दुपटीच्या आसपास जातो. हे बहुउद्देशीय जहाजाला जमतं, फक्त समोरासमोर नांगर हवेत. तीन लाईन १२० अंशांवर असल्या की समोरासमोर नांगर नसतात. मग दोन नांगरांच्या मध्ये एक तात्पुरता नांगर, किंवा तिन्ही लाईन मध्यभागी एकत्र आणून ताण.

आणखी एक बारीक पण महागडी चूक. नांगराच्या नखाचा कोन बंदरातच ठरतो. वाळूत सुमारे ३२ अंश, मऊ चिखलात सुमारे ५०. चिखलात ३२ अंशाचा सोडला तर तो उथळच राहतो. वाळूत ५० अंशाचा सोडला तर रुतायच्या ऐवजी नुसता घासत जातो. कोन बदलायला नांगर परत डेकवर घ्यावा लागतो, म्हणजे एक दिवस गेला.

डीपी_डेस्क

या ओढाओढीत डीपीचा विचार मागे पडतो, म्हणून सविस्तर लिहितो.

डीपी यंत्रणा जहाजावरचं बाहेरचं बळ थेट मोजत नाही. वारा मोजते, बाकी जे उरतं ते 'प्रवाह' समजून हळूहळू शिकते. मागे साखळीवर १२० टनांचा ताण आहे आणि तो यंत्रणेला सांगितलेलाच नाही, तर ती तो ताण प्रवाहाच्या खात्यात टाकते आणि थ्रस्टर त्या प्रमाणात चालवते. मग शार्क जॉमध्ये साखळी बंद केली किंवा शॅकल सुटला, ताण एका क्षणात शून्यावर आला, पण यंत्रणेच्या डोक्यात तो 'प्रवाह' अजून आहे. जहाज पुढे झेपावतं. डेकवर त्या वेळी माणसं असतात, खाली आरओव्हीची नाळ असते, बाजूला हजारो टनांचा काँक्रीटचा पाया असू शकतो.

उपाय ठरलेला आहे. विंचच्या लोडसेलचा (ताण मोजणाऱ्या यंत्राचा) आकडा डीपीला जोडायचा, जोडता येत नसेल तर ऑपरेटरने हाताने भरत राहायचा. ताण सोडण्याआधी डेककडून ब्रिजला पूर्वसूचना, मग टप्प्याटप्प्याने ताण कमी, आणि जहाज नव्या परिस्थितीत स्थिरावेपर्यंत पुढची हालचाल नाही.

दुसरी गोष्ट, डीपी-२ म्हणजे एक बिघाड झाला तरी जागा सुटणार नाही. पण ही हमी मागे किती ताण आहे त्यावर अवलंबून. एक स्विचबोर्ड गेला तर निम्मे थ्रस्टर जातात, आणि उरलेले निम्मे १२० टन, वारा आणि प्रवाह एकत्र पेलतील का? म्हणून चाचणीचा मोठा ताण डीपीवर द्यायचा की नुसत्या बोलार्ड पुलवर, हे आधीच ठरवावं. माझं ठाम मत: चाचणीच्या ताणाला बहुउद्देशीय जहाजाने डीपीच्या भरवशावर राहू नये.

मालवणी_बोसन

डीपी_डेस्क यांनी डेकवरच्या माणसांचा उल्लेख केलात ते बरं झालं. स्थिरतेचंही सांगायला हवं.

१२ एप्रिल २००७ ला शेटलंडच्या पश्चिमेला रोझबँक क्षेत्रात 'बुर्बाँ डॉल्फिन' हा अँकर हँडलर उलटला. जहाजावर १५ जण होते, ८ गेले. रिगची साखळी बाहेर सोडलेली, जहाज ठरल्या रेषेवरून वाहत गेलेलं, आणि आतली उजवी टो पिन खाली केल्यावर साखळी डावीकडच्या बाहेरच्या पिनकडे सरकली. त्यानंतर नॉर्वेने चौकशी आयोग नेमला आणि अँकर हँडलरच्या स्थिरतेचे नियम बदलत गेले.

त्यातलं गणित तरंगत्या पवनचक्कीच्या कामातही तेच आहे. साखळीच्या ताणाचा उभा भाग १०० टन धरा. साखळी मध्यरेषेवर असेल तर जहाज मागे बसतं, एवढंच. तीच साखळी ३ मीटर बाजूला सरकली की ३०० टन-मीटरचं कलवणारं बळ तयार होतं. त्यात साखळी बाजूने ओढत असेल तर आडवा भाग वेगळा. म्हणून प्रत्येक कामाआधी जास्तीत जास्त ताण आणि जास्तीत जास्त कोन यांचा तक्ता ब्रिजवर हवा, आणि साखळी दोन पिनांच्या मध्ये असेपर्यंत कुठलीही पिन खाली करायची नाही. बहुउद्देशीय जहाजावर क्रेन, गँगवे, आरओव्ही हँगर असं उंचावर वजन जास्त असतं. शुद्ध अँकर हँडलरसाठी बनवलेला तक्ता त्याला लावून चालणार नाही.

दर्यावर्दी

आता टोइंग (टर्बाइन ओढून नेणं) आणि हुकअप (जागेवर लाईन जोडणं). इथे वेळेचा हिशेब चुकतो असं मला वाटतं, कोणी तपासून द्याल?

बोलार्ड

तपासतो, टाम्पेनच्याच अंतराने.

मोकळ्या समुद्रातल्या टोइंगचा नेहमीचा निकष असा: ४० नॉटच्या आसपास म्हणजे सेकंदाला २० मीटर वारा, ५ मीटर लाट आणि सेकंदाला अर्धा मीटर प्रवाह समोरून आला तरी टगनी टर्बाइन जागेवर धरून ठेवायला हवं, मागे जाता कामा नये. त्यावरून बोलार्ड पुल काढतात. एक पुढे मुख्य टग, दोन मागे दिशा धरायला, असं सहसा असतं. वेग ३ नॉटच्या आसपास. इथे मी बहुउद्देशीय जहाजाला मुख्य टग करणार नाही. त्याचं भाडं क्रेन आणि आरओव्हीसाठी दिलेलं असतं. ते २५ तास दोर ओढण्यात घालवणं म्हणजे शुद्ध नुकसान. त्याने आधीच जागेवर पोचून लाईनची टोकं वर काढून तयार ठेवावी.

वेळ. १४० किलोमीटर म्हणजे ७५ सागरी मैल, ३ नॉटने २५ तास. तीन लाईन जोडायला २४ तास धरू. एकूण ४९. डीएनव्ही या वर्गीकरण संस्थेच्या सागरी कामांच्या मानकाप्रमाणे हवामानावर अवलंबून असलेल्या कामाचा नियोजित काळ ७२ तासांच्या आत आणि आकस्मिक वेळ धरून एकूण ९६ तासांच्या आत हवा. आकस्मिक वेळेचा नीट अभ्यास नसेल तर एकूण काळ नियोजित काळाच्या दुप्पट धरायचा. ४९ची दुप्पट ९८. दोन तासांनी गेलं!

म्हणून कामाचे दोन तुकडे करतात. टोइंग असं आखायचं की वाटेत हवा बिघडली तरी टर्बाइन तग धरेल. जागेच्या जवळ पोचल्यावर नवा अंदाज घ्यायचा, आणि तिथे ठरवायचं की हुकअप सुरू करायचं की थांबायचं. हुकअपचे २४ तास, दुप्पट ४८. हे बसतं.

आणि मर्यादेत अंदाजाची अनिश्चितताही धरायची. समजा हुकअपचा आराखडा २ मीटर लाटेचा आहे. पुढच्या दोन दिवसांच्या अंदाजात चूक असू शकते म्हणून त्याला १ पेक्षा कमी गुणक लावतात. तो ०.७५ निघाला तर अंदाजात दीड मीटरच दिसला पाहिजे. उत्तर समुद्रात एप्रिल ते सप्टेंबरमध्येही दीड मीटरखालची ४८ तासांची उघडीप मागितल्याबरोबर मिळत नाही. ऑक्टोबरनंतर तर अंदाज पाहून दिवसच्या दिवस जहाज धक्क्यावर उभं राहतं.

मालवणी_बोसन

हुकअपचा क्रम लिहितो, म्हणजे २४ तास कुठे जातात ते कळेल.

साखळ्या आधीच्या हंगामात पसरून, टोकाला दोर आणि बोया किंवा आरओव्हीने पकडता येईल असा फास लावून तळावर ठेवलेल्या असतात. टर्बाइन आलं की टग त्याला वाऱ्याच्या दिशेला धरून ठेवतात. बहुउद्देशीय जहाज आरओव्हीने पहिलं टोक पकडतं, वर्क वायरने वर घेतं, शार्क जॉमध्ये धरतं. पायावरून येणारा दोर त्याला जोडतात. मग पायावरच्या विंचने किंवा लाईनमध्ये बसवलेल्या टेन्शनरने साखळी आत ओढली जाते. टेन्शनर असेल तर जहाज वरून उभं ओढतं, साखळी टेन्शनरमधून कडी-कडी पुढे सरकते, आणि ओढ सोडली की कडी आपोआप अडकते. कडीपेक्षा लहान फरक जमत नाही, म्हणून ताण ठरल्या आकड्याच्या थोडा वर-खाली राहतो. आराखड्यात ती सूट असावी लागते.

सगळ्यात नाजूक वेळ पहिली लाईन जोडल्यापासून तिसरी जोडेपर्यंतची. दोन लाईनवर टर्बाइन सोडून जाता येत नाही. तिसरी जोडून मूळ ताण आला की मगच ते वादळ झेलण्यालायक झालं. म्हणून 'माघारीचा टप्पा' पहिल्या लाईनच्या आधी असतो, दुसरीच्या नंतर नाही.

केबलवाली

माझा मुद्दा असा की साखळीनंतर लगेच त्याच जहाजाने केबल ओढावी ही कल्पना आकर्षक असली तरी फसवी आहे.

टाम्पेनच्या केबल ६६ किलोव्होल्टच्या. तरंगत्या पायाकडे जाणारी केबल सरळ तळाला सोडता येत नाही, पाया हलतो. म्हणून मध्ये तरंगते ठोकळे बांधून तिला आडव्या 'एस'सारखा आकार देतात. पाया पुढे-मागे झाला की तो आकार उघडतो आणि मिटतो, केबलला ताण येत नाही. एकेका ठोकळ्याचं तरंगणं आणि अंतर मोजून ठरवलेलं असतं. क्लॅम्प सैल बसला तर ठोकळा घसरून खालच्या ठोकळ्याला चिकटतो, आकार बिघडतो आणि वळणाची त्रिज्या किमान मर्यादेच्या खाली जाते. हे आरओव्हीच्या चित्रात दिसतं, पण बघणाऱ्याने ठोकळे मोजायला हवेत.

या कामाला कॅरोसेल (केबल गुंडाळून ठेवायची मोठी फिरती थाळी), टेन्शनर (इथे केबल पकडून सोडणारं यंत्र), केबल खाली सोडायचा चूट किंवा उभा मनोरा आणि ठोकळे लावायची डेकवरची जागा लागते. हे सगळं बसवायला धक्क्यावर सहज आठवडा जातो, आणि ते बसलं की साखळीला जागा राहत नाही. त्यापेक्षा एका जहाजाला दोन वेळा सजवावं. पहिल्या हंगामात नांगर आणि साखळ्या, दुसऱ्या हंगामात टर्बाइन जोडून झाल्यावर केबल. नाहीतर केबल आधी पसरून पाण्यात ठेवायची असेल तर टोकावरची टोपी दाबाने तपासलेली हवी. टोपीतून पाणी शिरलं तर ते तांब्याच्या तारांमधून मीटर-मीटर आत सरकतं, तेवढी केबल कापावी लागते. मग राखून ठेवलेली जादा लांबी संपली की पायापर्यंत केबल पोचतच नाही.

प्रश्नचिन्ह

मग मूळ प्रश्नाचं उत्तर काय? एक जहाज की चार?

बोलार्ड

माझं उत्तर दोन प्रकारची जहाजं. नांगर, पसरलेल्या साखळ्या, हुकअपची जोडणी, केबल आणि तपासणी हे बहुउद्देशीय जहाजाचं. टोइंग आणि मोठा चाचणीचा ताण हा शुद्ध अँकर हँडलरचा, आणि तो फक्त त्या दिवसांपुरता भाड्याने घ्यावा. किनकार्डीन किंवा टाम्पेनच्या आकारात हे एका बहुउद्देशीय जहाजाने दोन हंगामांत निभतं. पण १ गिगावॉटचा विचार करा. १५ मेगावॉटची ६७ टर्बाइन्स, तीन लाईन प्रत्येकी, २०१ लाईन. उघडिपीची वाट धरून लाईनमागे दीड दिवस लागला तर ३०० जहाज-दिवस, फक्त साखळ्यांना. एप्रिल ते सप्टेंबर १८३ दिवस. तिथे एक जहाज कितीही बहुउद्देशीय असो, पुरत नाही.

गाळमाती

आणि उभारणीबरोबर परत आणण्याचाही हिशेब करा. २०२२ मध्ये किनकार्डीनचं एक टर्बाइन मोठा भाग बदलायला सोडवून रॉटरडॅमला न्यावं लागलं. हायविंड स्कॉटलंडची पाचही टर्बाइन्स २०२४ च्या उन्हाळ्यात मोठ्या दुरुस्तीसाठी नॉर्वेतल्या त्याच वेर्गेलँडला ओढून नेली. हुकअपचा क्रम उलटा चालवायचा, लाईन तळावर नीट ठेवायच्या, केबलचं टोक बंद करून पाण्यात ठेवायचं. टर्बाइन्स एकामागे एक केबलने जोडलेली असतील तर मधलं काढल्यावर पुढच्यांची वीज बंद पडते, जोपर्यंत दोन केबल टोकं तात्पुरती जोडली जात नाहीत. म्हणून सोडवायची जोड पाण्याच्या वर ठेवायची की खाली, हे पहिल्याच दिवशी ठरवावं.

दर्यावर्दी

आपल्याकडे जून २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने १ गिगावॉट समुद्री पवनऊर्जेला ७,४५३ कोटींची मदत मंजूर केली, गुजरात आणि तामिळनाडूसमोर ५००-५०० मेगावॉट. ती टर्बाइन्स तळावर रोवलेली असतील, तरंगती नाहीत. पण मुंबई हायवर नांगर हाताळणाऱ्या जहाजांवर मराठी खलाशी आणि अधिकारी बरेच आहेत, त्यांना यातलं विंच आणि साखळीचं काम अनोळखी नाही. एक फरक मात्र लक्षात ठेवावा लागेल. उत्तर समुद्रात काम चालतं त्यातले बरेचसे महिने म्हणजे आपल्याकडचा पावसाळा.

शेवटचा प्रश्न बोसनना. साखळी पसरताना पीळ पडला तर कसं ओळखायचं?

मालवणी_बोसन

डेकवर असतानाच साखळीवर एका बाजूने पांढरा पट्टा रंगवा, सलग, सगळ्या लांबीभर. रोलरवरून जाताना पट्टा वरच्या बाजूला राहतोय का ते बघत राहा. तळावर पोचल्यावर आरओव्हीने तोच पट्टा पुन्हा बघा. दर २७.५ मीटरला एका कडीला वेगळा रंग दिला की पीळ नेमका कुठे आहे तेही सांगता येतं. ढिल्या साखळीत पीळ दिसत नाही, ताण आला की कड्या एकमेकींवर कडेने बसतात आणि त्याच कड्या आधी झिजतात. एखादा पूर्ण फेरा १०० मीटरमध्ये पसरलेला असेल तर फारसं बिघडत नाही. तोच फेरा दहा-पंधरा कड्यांत साचला असेल तर साखळी परत वर घ्या, ताण द्यायच्या आधी. चाचणीचा ताण दिल्यावर तो पीळ तसाच बसतो आणि मग तो सोडवायला नांगरच उपटावा लागतो.